रुसलेली पॅकेजं

अगं ये, अशी जवळ बस. आणि ते कानातलं आधी काढ बघू. मोठी माणसं बोलत असताना मान हलवायची आणि ऐकायचं भलतंच, ही कुठली रीत तुमची? पडदा बोटानं सरकवता आला की फोन कळला, असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. माझ्या जावयांनाही तसंच वाटायचं.

जावई इंजिनिअर. नव्या मुंबईत ऑफिस, गळ्यात पट्टा. गेल्या वर्षी नागावला आले ते हातात एक फोन घेऊनच. म्हणाले, "आई, हा साधा फोन नाही. यात लिनक्स आहे. कुणाची पाळत नाही, सगळा कारभार आपल्या हातात." तो कारभार करून करून चार दिवसांत त्यांना स्वतःला कंटाळा आला, म्हणून फोन सासूला भेट!

मला त्या फोनकडून एकच काम हवं होतं. माझी थोरली बहीण दिघीला लेकाकडे असते. तिची नजर गेली. माझी पत्रं तिला सूनबाई वाचून दाखवते, म्हणजे स्वतःला हवं तेवढंच वाचते. मी चार पानं लिहायची आणि ताईपर्यंत पोचायचं काय, तर पाऊस आणि नारळाचा भाव. "माझे गुडघे मला तिकडे येऊ देत नाहीत, तूच चार महिने माझ्याकडे येऊन राहा," हे मी दर पत्रात लिहीत होते. त्याला उत्तर म्हणून कधी आलं नाही. फोन करावा तर तो सूनबाईच्या हातात, वर स्पीकरवर. आवाज भरून पाठव म्हणशील, तर बोलायला लागले की मी भांडते. लिहिताना कसं, नीट सुचतं. म्हणून ताईचा स्वतःचा फोन हवा होता, माझं पत्र न गाळता मराठीत मोठ्यानं वाचणारा.

"सोपं आहे, आई," जावई म्हणाले. "मराठी वाचणारं पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्रॅम, फुकट मिळतं." बटण दाबलं तर काहीच होईना. फोनची आवृत्ती जुनी, आणि ज्या कोठारातून तो पॅकेजं आणायचा ते कोठारच बंद झालेलं. "मग हातानं टाकायची. एकेक फाइल उतरवायची, कार्डावर घालायची, काळ्या पडद्यावर हुकूम लिहायचा. एकदम सोपं!"

इतकं सोपं, की त्यांना लगेच मीटिंग आठवली.

मी सातवी पास. इंग्रजी शिकले ती औषधांच्या पाकिटांवरून आणि घरी उतरणाऱ्या पर्यटकांकडून. चष्मा लावला आणि बसले. जावयांनी पाठवलेली पहिलीच फाइल फोननं नाकारली. का, तर ती मोठ्या कॉम्प्युटरची. फाइल कुठल्या यंत्राची ते तिच्या नावातच शेवटी लिहिलेलं असतं. मला दिसलं, इंजिनिअरला दिसलं नाही. सांगितलं तर म्हणतात, "अरेच्चा!" एवढा पगार घ्यायचा आणि अरेच्चा!

बरोबर फाइल आणली, तर तिचं म्हणणं, आधी अमकं पॅकेज आणा. ते आणलं, तर त्याला तमकं हवं. मी म्हटलं, हे तर लग्नाचं आमंत्रण! मामा आल्याशिवाय मावशी निघणार नाही, आणि आत्याला नेल्याशिवाय मामा गाडीत बसणार नाही. मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहिली, खालून वर. सगळ्यात शेवटी मागितलेला पाहुणा आधी बसवायचा. नऊ पॅकेजं मुकाट बसली.

उरली दोन. पहिलं म्हणे दुसऱ्याला आधी आणा, दुसरं म्हणे पहिल्याला.

रविवारी जावई मांडव्याच्या बोटीनं आले. घावणे खाल्ले, पडदा बघितला. म्हणाले, "अडकलंय. जबरदस्तीनं घुसवतो." घुसवलं, आणि फोनचा कीबोर्डच गायब! तो परत आणण्यात दुपार गेली.

"हरकत नाही आई, शिकायला मिळालं."

"कुणाला?" मी विचारलं.

आमच्या आळीत दोन जावा आहेत. एकीला आधी बोलावलं की दुसरी रुसते. म्हणून हळदीकुंकवाला मी दोघींच्या मधल्या अंगणात उभी राहते आणि दोन्ही दारांकडे एकदमच हाक मारते. मी म्हटलं, "या रुसलेल्या पॅकेजांची नावंही एकाच ओळीत लिहिली तर?"

"असं नसतं हो, आई," जावई हसले.

मी लिहिली. दाबलं. दोघी बसल्या की गपचूप! हसणारे गृहस्थ मग माडांकडे बघत बसले. सासू असून मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. ते त्यांना जास्त लागलं.

फोन वाचायला लागला. सर्दी झाल्यासारखा गेंगाणा आवाज, स्वल्पविरामाला थांबणं नाही. पण एक शब्द गाळला नाही मेल्यानं. त्यातच ताईला पत्र लिहून ठेवलं आणि तो फोन देऊन जावयांना आगरदांड्याहून फेरीबोटीनं पलीकडे दिघीला धाडलं. तिथून त्यांनी स्वतःच्या फोनवरून मला ऐकवलं.

पत्र संपलं. ताई म्हणाली, "परत लाव." परत लावलं. 

"म्हणजे ती बोलावत होती?" ताईचा आवाज आला. "मला वाटलं, गुडघ्यांबरोबर हिची मायाही गेली."

सूनबाई रडवेल्या आवाजात ताईला म्हणाली, "आई, तुम्ही गेलात तर लोक म्हणतील, सुनेनं घालवलं. म्हणून नाही वाचलं."

"लोकांना सांग, मावशीनं पळवलं!" मी इथून ओरडले. "लोकांसाठी बहिणी तोडतेस होय गं?"

"बघते," ताई एवढंच म्हणाली. तिचं "बघते" मला लहानपणापासून माहीत आहे, त्यातून काही निघत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी दुसरं पत्र लिहून थेट ताईच्या फोनवर धाडलं. पाऊस नाही, नारळ नाही. ताई, खालच्याच खोलीत तुझी खाट टाकली आहे, न्हाणीघर लागूनच आहे. जावई गाडी घेऊन येतील, तेवढं त्यांना जमतं. लवकर ये.