सर्व्हंट

शशी, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय, ऱ्हस्वदीर्घाचंही खरं नाही. चौथीत पाटी सुटली ती सुटलीच. सांभाळून घे.

खाप्याहून मधूच्या मागे एस.टी.त चढले, तेव्हा तू आईचा पदर धरून रडत होतीस. मधू इंग्रजीत एम.ए. करायला नागपूरला निघाला होता आणि मी त्याला रांधून घालायला. माझ्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या विकून त्याची फी भरली होती. आई म्हणाली, "भावाले देलं ते परत घेत नसतात वं. बहीण आहेस तू त्याची."

मधू लायब्ररीतून सोप्या इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आणायचा, मोठ्यानं वाचायचा, मधे मधे मला मराठीत सांगायचा. त्याच्या सरांचं म्हणणं, भरपूर वाचा, डिक्शनरी उघडू नका, आजूबाजूचं बघून शब्द ओळखा. स्टोव्हपाशी बसून मीही ओळखायची. ‘रिव्हर’मध्ये पोरं पोहत होती, म्हणजे आपली कन्हान. मधू हसायचा, "ताई, माया पेपर तूच लिहून दे वं!"

मग एकदा त्याचे मित्र आले. मी चहा ठेवला. एकानं माझ्याकडे बघून इंग्रजीत काही विचारलं. मधू पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, "सर्व्हंट." मी आजूबाजूचं बघितलं आणि ओळखलं: थोरली बहीण. वर्षभर तो शब्द मी मनात जपला.

तो पास झाला तेव्हा सर खोलीवर आले. "या कोण?" त्यांनी विचारलं. मी कधी परक्या माणसाशी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "मी मधूची सर्व्हंट."

सर मधूला म्हणाले, "पगार किती देतोस रे?"

मधू म्हणाला, "जेवून-खाऊन आहे, सर."

या वेळी अर्थ बरोबर ओळखला.

त्याचं लग्न झाल्यावर मी सिव्हिल लाइन्समध्ये एका बंगल्यावर स्वयंपाकाला लागले. मागच्या अंगाला खोली मिळाली. तिचं इंग्रजीतलं नाव सांगत नाही, तू ओळखशील. पण कुलूप माझं आहे, किल्ली माझ्या कमरेला असते. आता घर म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येते, खापा नाही. याचं मला वाईट वाटतं.

भाऊबीजेला मधूकडे जाणार का, असं तू विचारलंस. काल त्याची मनीऑर्डर आली. मी पैसे कधी मागितले नव्हते, बहीण मागत नसते. पाटल्यांचे पैसे पूर्ण फिटले.