दाजी, दावं सोडा

दुखावलेल्या घोडीला पुन्हा कुरणात सोडणं फारसं अवघड नसतं. माणूस लायक असेल तर दहा मिनिटांत होतं. मला अर्धा तास लागला.

घोडी माझ्या मेव्हण्याची, दिलीपची. पाचोडजवळ त्याचं शेत आहे आणि ही चांदणी म्हणजे त्याचा जीव की प्राण. पाण्याच्या चारीवरून उडी मारताना तिच्या पुढच्या डाव्या पायाची शीर दुखावली आणि जनावरांच्या डॉक्टर मॅडमनी तिला दोन महिने छपराखाली बांधून ठेवायला लावलं. एरवी चिमणी उडाली तरी उधळणारी ही बया, दोन महिने एका जागी! आता पाय सुधारला होता. पण पहिल्याच दिवशी तिनं उड्या मारल्या तर शीर पुन्हा जाईल आणि घोडी जन्माची लंगडी होईल, असं मॅडमनी बजावलं होतं. म्हणून तिला मोठ्या कुरणात न सोडता आधी घराएवढ्या लहान कुंपणात सोडायचं होतं. खुराक कमी करायचा, समोर भरपूर कडबा टाकायचा आणि सोबतीला एक म्हातारी, थंड डोक्याची म्हैस ठेवायची.

मदतीला म्हणून मी आणि माझी बायको सुरेखा रविवारी सकाळी मुकुंदवाडीहून निघालो. दावं मीच धरणार, असं मी रस्त्यातच जाहीर केलं. कारण सरळ होतं, माझा कुणावरच विश्वास नव्हता. तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवतोय आणि परीक्षेला वर्गात पहारा देतोय. (घरी साखरेच्या डब्याच्या झाकणालाही मी खूण करून ठेवतो. सुरेखा ती रोज पुसते.)

पोचल्या पोचल्या मला चांदणीच्या ओठाला हरभऱ्याचं टरफल दिसलं. मी दिलीपला बाजूला घेतलं आणि चोरून खुराक देतोस का, म्हणून विचारलं.

"नाय दाजी. मॅडमनी सांगितलाय तेवढाच देतो. मूठभर."

"मूठ कुणाची?"

दिलीपनं बहिणीकडं पाहिलं. बहीण आभाळाकडं बघत होती.

मग डॉक्टर मॅडम आल्या आणि आम्ही चांदणीला घेऊन कुंपणाकडं निघालो. मला वाटलं होतं, घोडी नाचत येईल. ती मान खाली घालून, पाऊल मोजत, सासरी निघालेल्या मुलीसारखी आली. इथंच माझा संशय बळावला. वर्गात जो पोरगा फार शांत बसतो, त्याच्याच बुटात चिठ्ठी सापडते. म्हशीवर मात्र माझा संशय नव्हता. ती खरोखरच काही करत नव्हती.

मॅडमच्या सूचना स्पष्ट होत्या. कुंपणात गेल्यावर घोडीचं तोंड फाटकाकडं वळवायचं, म्हणजे ती उधळली तरी लाथ आपल्याला लागत नाही. मग दावं काढायचं आणि मागं सरायचं. मी तोंड वळवलं, तिच्या डोळ्यांत पाहिलं, तर डोळा अर्धा मिटलेला.

"दाजी, दावं सोडा," दिलीप म्हणाला.

मी दाव्याचे आणखी दोन वेढे मनगटाला दिले.

तेवढ्यात तिच्या कानावर माशी बसली आणि तिनं मान झटकली. झालं, सुरुवात झाली, असं समजून मी दावं जोरात ओढलं. इतकं ओढल्यावर कुठलीही घोडी करेल तेच तिनं केलं. ती मागं सरली, मी आणखी ओढलं, ती गोल फिरायला लागली. पहिल्या फेरीत मी मध्ये होतो. दुसऱ्या फेरीत मी कडेला होतो. तिसऱ्या फेरीत मी गुडघ्यांवर होतो आणि ज्यावरून घसरलो ते म्हशीचं होतं. तरी दावं सुटू दिलं नाही!

"अहो, सोडा ना," सुरेखा शांतपणे म्हणाली. "कुंपण आहे. ती कुठं जाणारय?"

तिच्या बोलण्यानं नाही, पण दिलीपच्या चेहऱ्याकडं बघून मी भानावर आलो. तो पांढराफटक पडला होता. माझ्याकडं बघतच नव्हता, त्याची नजर फक्त चांदणीच्या त्या डाव्या पायावर होती आणि डोळ्यांत पाणी होतं. मी वेढे उलगडले आणि मॅडमनी पुढं होऊन दावं काढलं.

चांदणीनं दोन ढांगा टाकल्या. मग ती थांबली, तिनं अंग झाडलं आणि म्हशीशेजारी जाऊन कडबा खायला लागली.

थोड्या वेळानं मॅडमनी पाय चाचपून पाहिला. ना सूज, ना गरमी. दिलीप तिथंच मातीत बसला आणि लहान पोरासारखा हसला. चांदणीचा मोकळा वेळ रोज थोडा थोडा वाढवत नेऊ, असं मॅडम म्हणाल्या. मग माझ्या गुडघ्यांकडं बघून त्यांनी विचारलं, "सर, उद्या तुम्हाला शाळा असेल ना?"

मी रजा काढतो म्हणालो.

"लई उपकार होतील दाजी," दिलीप हात जोडून म्हणाला, "रजा काढू नका."

पुढच्या रविवारी मी गेलोच. मॅडमनी मला जागा नेमून दिली आणि तिथून हलायचं नाही, असं सांगितलं. त्यानंतर काहीच गडबड झाली नाही. चांदणी आता मोठ्या कुरणात चरते. शाळेत मी अभिमानानं सांगतो की घोडीला मोकळं सोडताना मी शेवटपर्यंत तिथं उभा होतो. कुंपणाच्या कुठल्या बाजूला, ते अजून कुणी विचारलेलं नाही.