गेणबांची मोजणीची दोरी

माण गावातल्या शेतांवर इमारतींचे टॉवर उभे राहिले, तशी बांधांची भांडणंही संपली. पूर्वी ती गेणबा मिटवायचे. भांडणाऱ्या दोघांच्या हातात मोजणीच्या दोरीचं एकेक टोक द्यायचे आणि बजावायचे, "तंटा मिटंपतूर सोडायची न्हाई." दुपारपर्यंत हात अवघडायचे आणि गडी एकमेकांकडे तंबाखू मागायचे. गेल्या नऊ वर्षांत गेणबांना कोणी बोलावलेलं नाही. दोरीवर आता त्यांच्या घरातल्या भाडेकरूंचे कपडे वाळतात.

परवा वरच्या खोलीतली आरोही आपले कपडे काढायला आली. देशादेशांतल्या व्यापाराच्या भांडणांचे कागद तयार करायची तिची नोकरी.

"मिटत्यात का गं ती?" गेणबांनी विचारलं.

"अपील केलं की अडकतात, आजोबा. अपील ऐकणाऱ्या जागतिक मंडळावर माणसंच नेमलेली नाहीत."

"कवापासनं?"

"झाली की बरीच वर्षं."

"येवढं मोठं जग, आन् दोरी धरा म्हणणारा येक न्हाई?"

आरोही हसली. गेणबा हसले नाहीत. ती गेल्यावर त्यांनी इतरांचे ओले कपडे कठड्यावर टाकले, दोरी सोडून नीट गुंडाळली आणि खुंटीला अडकवली. बोलावणं आलंच, तर ऐनवेळी शोधाशोध नको.