तारीफ न ऐकणारा वाचक

गेल्या रविवारी बीडला आमच्या वाचक मंडळाच्या बैठकीला पाच जण हजर होते. पुस्तक मी सुचवलेलं होतं. कॉलेजात असताना मला ते फार आवडलं होतं, म्हणून मागच्या बैठकीत मी त्याची भरपूर तारीफ केली होती.

तेव्हा आमच्यातला बियाण्यांचा दुकानदार कानांवर हात ठेवून बसला होता. ही त्याची सवयच आहे. मलपृष्ठावरची तारीफ दिसू नये म्हणून तो प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालतो. "पाकिटावरचं कणीस बघून बी नेणाराच दर साली भांडायला येतो, सर," असं त्याचं म्हणणं.

रविवारी बाकीच्यांनी "बरं आहे" एवढ्यावर विषय संपवला. याने तरी आवडलं म्हणावं, असं मला फार वाटत होतं.

"निम्म्यात सोडलं," तो म्हणाला. "दर पानाला वाटायचं, आता येईल सरांना आवडलेलं ते."

"तुम्ही तर कान झाकले होते."

"तोंड दिसत होतं ना तुमचं. लई खुशीत होता तुमी."

सगळे हसले, मीही हसलो. उठता उठता त्याने हळूच विचारलं, "खरं सांगा, या बारीला तुमाला कसं वाटलं?"

चार दिवसांपूर्वी मी ते पुन्हा वाचून संपवलं होतं, पण कसं वाटलं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. "माझंही मन लागलं नाही," मी म्हणालो.

"मग आता वाचता येईल मला," तो म्हणाला, आणि परत खुर्चीत बसून त्याने पहिलं पान उघडलं.