पडद्यावरची टिटवी

मी तेलंगणात, जैनथजवळच्या एका गावात राहते आणि आदिलाबादेतल्या एका खासगी शाळेत गणित आणि चित्रकला शिकवते. रोज शेअर ऑटोने जाते-येते. हे काम सगळ्या गावाला माहीत आहे. दुसरं काम नेमकं काय, हे घरच्यांनाही कळायला वेळ लागला. दर रविवारी दुपारी मी खोलीचं दार लावते, पंखा बंद करते आणि टिटवी होऊन लोकांशी बोलते.

इंटरनेटवर थेट कार्यक्रम करणाऱ्यांत काही जण स्वतःचा चेहरा दाखवत नाहीत, एक चित्र पुढे करतात. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याची हालचाल टिपतो आणि पडद्यावर ते चित्र तसंच हलतं. माझं बी.एड. झालं होतं, नोकरी लागायची होती, तेव्हा मी अशी एक परदेशी मुलगी पहिल्यांदा पाहिली. तिची भाषा मला ओ की ठो कळत नव्हती. पण तिने मान कलती केली की चित्राचीही मान कलती व्हायची, आणि मला वाटलं, चित्र तर मलाही काढता येतं.

टिटवीच का, हे मला ठरवावं लागलं नाही. पैनगंगेकडच्या शेतांत ती ढेकळांतच अंडी घालते आणि कोणी जवळ गेलं की सगळं शिवार डोक्यावर घेते. एवढासा पक्षी, पण गप्प बसत नाही. मी चारचौघांत इतकं हळू बोलायचे की माझी मैत्रीण माझं बोलणं पुढच्याला पुन्हा सांगायची.

मायला ते पटलं नाही. "टिटवी काऊन काढून राह्यली? मोर काढ, पोपट काढ. टिटवी वरडली की लोक वाईट मानतात."

"पाखरू हाय ते. आपन असलं मानत नाई," बाबा ओसरीतून म्हणाले. बाबा तहसील कार्यालयात कारकून आहेत. त्यांनी एकदा सांगितलं की घरातली मिसल, म्हणजे त्या विषयाची फाईल, बंद होते.

काम किचकट होतं. वरची चोच वेगळी, खालची वेगळी, डोळा वेगळा, पापणी वेगळी, असं सगळं सुटं काढायचं आणि पातळ कागद एकावर एक ठेवावेत तसं संगणकावर रचायचं. हिंदी व्हिडिओ थांबवून थांबवून शिकले. पहिल्यांदा मी डोळे मिटले तर टिटवीची पापणी घसरून गळ्यापर्यंत आली. कितीतरी दिवस ती अशीच विचित्र वागत राहिली. जुन्या लॅपटॉपचा कॅमेरा अंधुक, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बसायचे. आभाळ आलं की टिटवी झोपायची.

एका सकाळी मात्र मी डोळे मिचकावले आणि तिनेही मिचकावले. अगदी माझ्याबरोबर. माय चहा घेऊन आली होती. ती पडद्याकडे पाहतच राहिली.

"अवो माय, हे तं तुह्यावानीच पापनी लववते!"

मग मला बाजूला सारून ती स्वतः कॅमेऱ्यापुढे बसली आणि तिने मोठी जांभई दिली. टिटवीने चोच वासली. माय इतकी हसली की चहा बशीत कमी आणि सतरंजीवर जास्त सांडला.

पहिले काही रविवार मी हिंदीत बोलले. ऐकायला बी.एड.ची मैत्रीण असायची, आणि दुसऱ्या फोनवरून मी स्वतः. हिंदीत बोललं म्हणजे जास्त लोक येतील, असा माझा हिशेब होता. पण व्याकरण सांभाळता सांभाळता माझी टिटवी सरकारी जाहिरातीसारखी बोलायची. अशात एका रविवारी कार्यक्रम चालू असतानाच बाहेरून मायचा आवाज आला.

"भाकर थंडी होऊन राह्यली! कवा येशीन?"

माईक उघडा होता. मी गोठले, टिटवीही गोठली. तेवढ्यात पडद्यावर एका अनोळखी बाईचा संदेश उमटला: "या मावशी कुठल्या? आमच्या घरी असंच बोलतात."

ती आमच्याच जिल्ह्यातल्या भीमपूरकडची निघाली. पुण्यात परिचारिका होती आणि कितीतरी दिवस असं बोलणं तिच्या कानावर पडलं नव्हतं. मी न थांबता उत्तर दिलं, "आमी जैनथकडचे. आन् ते माही माय हाय, मले जेवाले बलावून राह्यली." त्या दिवशी हिंदी सुटली ती सुटलीच.

पुढे कार्यक्रमाला आपोआप एक वळण लागलं. ऐकणाऱ्याने आपल्या घरची एखादी वस्तू सांगायची आणि मी बोलता बोलता ती काढायची. कोणी पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, बोंड सांगितलं, कोणी अंगणातला रांजण, कोणी मोडकी सायकल. परिचारिकेने स्वतःच्या घराचा निळा दरवाजा सांगितला. माणसं एकमेकांना ओळखू लागली. आज सगळी मिळून जैनथच्या एका बसमध्ये मावतील, थोडी उभी राहतील, एवढीच आहेत. पण येतात.

गावात मात्र कुजबुज झाली. एका संध्याकाळी बाबा चप्पल काढता काढता म्हणाले, "तुह्याबद्दल दरखास्त आली. दार लावून कोनाशी तरी बोलत राह्यते म्हनतात."

"लोकाइशी, बाबा. जे आयकतीन त्यायच्याशी."

त्यांनी चप्पल कोपऱ्यात सारली. "मंग मलेबी आयकू दे."

पुढच्या रविवारी ते ओसरीत फोन घेऊन बसले. मी चूल काढत होते. मध्येच संदेश आला: "आवाज कमी येत आहे. कृपया वाढविण्यात यावा." खाली बाबांचं पूर्ण नाव, आडनावासकट. "कोणी साहेब आले वाटतं," एकाने लिहिलं. मी हसू दाबलं, पण टिटवीची चोच थरथरत होती, ते सगळ्यांना दिसलं. त्यानंतर कोणी काही विचारलं की बाबा सांगायचे, "माही पोरगी कार्यक्रम करते. तुमीबी आयका."

शाळेतलं असं झालं. पाचवीच्या वर्गात एका मुलीचं गणित बरोबर आलं, तशी ती हात उंचावून ओरडली, "सरका सरका, टिटवी आली!" ते माझं वाक्य होतं; दर रविवारी मी त्यानेच सुरुवात करते. ही मुलगी घरी मराठी बोलते, पण शाळेत कधी मराठीचा एक शब्द काढायची नाही. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिले. कान तापले होते.

त्याच महिन्यात मुख्याध्यापिकांनी स्नेहसंमेलनासाठी काहीतरी नवीन सुचवा म्हणून सगळ्या शिक्षकांना विचारलं. "मी करते," मी म्हटलं, आणि पहिल्यांदाच कोणाला माझं बोलणं पुन्हा सांगावं लागलं नाही.

मंचावर पांढरा पडदा लावला. मी आतल्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसले. टिटवी पडद्यावर माणसाएवढी मोठी झाली. मुलांनी मराठीत विचारलं, तेलुगूत विचारलं, हिंदीत विचारलं. टिटवीने ज्याला त्याला त्याच्या भाषेत उत्तर दिलं. एका म्हातारीने माईक मागून घेतला. "नुव्वु एवरि अम्मायिवि?" तू कोणाची मुलगी?

"इक्कडि अम्मायिने, अव्वा," मी म्हटलं. इथलीच मुलगी आहे, आजी. सभागृहात जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो मी पडद्यामागे एकटीने, डोळे पुसत ऐकला. टिटवीही तेवढा वेळ डोळे मिटून उभी होती.

माय प्रेक्षकांत बसली होती. परतताना ऑटोत तिने सांगितलं, "बाजूची बाई म्हने, काय गोड बोलते हे! कोनाची पोरगी असन?"

"मंग तू काय म्हनली?"

"काय म्हननार? माही हाय म्हनलं." तिने पदर सारखा केला. "टाळ्याइत तिले आयकू नाई गेलं. मंग उभी राहून जोरानं म्हनलं."