दाजींचा निळा

आमच्या मुलुंडच्या इमारतीत रंगकाम करणारे दाजी गिऱ्हाइकाला रंग निवडू देत नसत. शेडकार्ड पुढे केलं की न बघताच परत करत. "कार्डावरचो रंग कार्डाक," म्हणत. आधी भिंतीवर हातभर पट्टे ओढायचे आणि ते सुकेपर्यंत तिकडे पाठ करून चहा प्यायचा. "ओलो रंग खोटा बोलता," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ऐंशीच्या सुमारास आमचं लग्न झालं. खोलीला बायकोला मोरपंखी हवा होता, मला समुद्री. दोन दिवस आम्ही त्यावरून भांडलो. दाजींनी तिसराच, निळ्याकडे झुकणारा रंग घोटून लावून टाकला. मला रागच आला होता, पण रंग झकास होता.

सहा वर्षांनी तोच रंग हवा म्हणून पुन्हा त्यांनाच बोलावलं. खालच्या मजल्यावरच्यांनी सावध केलं, कारण त्यांची निळी सांगितलेली खोली दाजींनी हिरवी करून ठेवली होती. आमचंही काम बिघडलं असतं तर इमारतीत त्यांना कोणी उभं केलं नसतं.

दाजींनी दोन पट्टे ओढले. एक हिरवा, एक निळा, शेंबड्या पोरालाही कळावं असे. आणि पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "वयनी, ह्यातलो निळो खयचो?"

बायको पदर खोचून डब्यापाशी बसली. दाजी ढवळत, ती "अजून थोडा निळा" म्हणत राही. मी बाहेर पेपर वाचायचं सोंग करत होतो. फार वाईट वाटत होतं.

खोली अगदी पहिल्यासारखी झाली. खालचे येऊन बघून गेले, आमचीही दिवाळीला दाजीच करतील म्हणाले. ते गेल्यावर दाजी भिंतीसमोर उभे राहिले.

"वयनी, माका ह्यो हिरवो दिसता. खरा सांगा."

हिरवाच आहे म्हणून सांभाळून घे, अशी मी तिला खूण केली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"निळा आहे, दाजी. चांगला निळा आहे."

"सुकलो मां?"

"सुकलाय."

दाजी खाली गेले आणि दिवाळीचं काम दुसऱ्याला द्या, असं स्वतःच सांगून आले. पुढच्या महिन्यात ते गावी गेले ते कायमचे. मी दोन दिवस बायकोशी नीट बोललो नाही. आता वाटतं, दाजींनी मला विचारलं नाही, हेच बरं झालं.