जेवलीबाई

ती माझ्या पोराला उघडं करत होती. पौषाची थंडी, सकाळची वेळ, जीप सूर्यमाळचा उतार उतरत होती, मागच्या ताडपत्रीच्या फटीतून वारा नुसता आत घुसत होता, आणि ती परदेशी म्हातारी माझ्या मांडीवरून पोर उचलून एकेक फडकं सोडत होती. आधी गोधडी काढली, मग सासूनं गुंडाळलेलं जुनं लुगडं, मग झबलं. पोराचे ओठ निळे पडलेले, रडत नव्हता, रात्रीपासून दूध ओढत नव्हता. पुढच्या सीटवरनं माझा दीर काळू म्हणाला, "वहिनी, काढून घे तिच्याकडनं. मारंल ती त्याला." मी हात पुढे केला. केला, आणि तो तसाच राहिला.

थांबा, आधी ती कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला काही समजायचं नाही.

ती कोरियाची. आमच्या पलीकडच्या पाड्यावर दोन-चार घरं प्रार्थनेला जातात, त्यांच्या प्रार्थनाघरावर पत्रे टाकायला तिकडची मंडळी आली होती. बाकीची सगळी तरणी, उंच, हातात फोन. ही एकटी म्हातारी, माझ्या सासूएवढीच बुटकी, कमरेत वाकलेली. ती त्यांना रांधून घालायला आलेली. मराठीतला एकच शब्द तिला यायचा, "जेवली?" बाई दिसली तरी जेवली, बाप्या दिसला तरी जेवली. आमच्या पोलीस पाटलाला भर रस्त्यात विचारलं तिनं, "जेवली?" तर तो बिचारा मिशीला हात लावून म्हणाला, हो जेवली. तेव्हापासून पाड्यात तिचं नावच जेवलीबाई पडलं. तिच्याबरोबर रूथ नावाची नाशिककडची पोरगी होती, ती त्यांची भाषा आमच्यात सांगायची. रूथ म्हणाली, यांच्या देशात माणूस भेटलं की आधी हेच विचारतात. माझी सासू म्हणाली, "मग आपलं काय वेगळं हाय गो? आपन बी भाकर खाल्ली का तेच विचारतो."

सासूनं एकदा तिला नाचणीची भाकर आणि ठेचा दिला होता. वाटलं, पळेल आता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, नाक पुसलं, आणि भाकरीचा तुकडा पुढे करून अजून ठेचा मागितला.

पण आमच्यातली जाणती माणसं सांगायची, त्यांच्या दारात जाऊ नका, त्यांच्या हातचं घेऊ नका, आज गोड बोलतील, उद्या तुमचे देव उचलून फेकायला लावतील. काळू तर सगळ्यांत पुढे. म्हणायचा, मी तहानेनं पडलो तरी त्यांचं पाणी पिणार नाही.

आणि माझं पोर दिवस भरायच्या आधीच झालं. घरातच झालं. नवरा ठाण्याकडे इमारतीच्या कामाला, डोंगरावर फोनला रेंज नाही. पोर एवढंसं, ओंजळीत मावेल असं. आमच्यात सगळ्या पोरांना अंगणातल्या दगडावर अंघोळ घालतात, तशी सासूनं त्यालाही उजाडायच्या आत घातली, रोजच्यासारखी. तिची काय चूक, तिनं सात पोरं तशीच वाढवली. पण अंघोळ झाली आणि तो थंड पडत गेला. मी गुंडाळलं, सासूनं वरून गुंडाळलं, अजून गुंडाळलं. जितकं गुंडाळलं तितका तो गपच होत गेला.

पाचवी पुजायची बाकी होती, म्हणजे सुवेर अजून फिटलेलं नव्हतं. अंघोळीपुरती सासू शिवायची, ती पण लगेच स्वतः न्हायची; बाकी मला नि पोराला कोणी शिवायचं नाही. मग मीच त्याला घेऊन रस्त्याकडे पळाले, पोटात कळा येत होत्या, गवतातल्या दवानं माझं पातळ मांडीपर्यंत भिजलं. काळू पुढे पुढे, लांबून. रस्त्याला एकच गाडी आली, त्यांचीच. आणि काळूच दोन्ही हात पसरून तिच्यापुढे उभा राहिला.

तर ती जीप ती.

पोर पार उघडं केल्यावर तिनं स्वतःच्या स्वेटरची बटणं सोडली, आतल्या झंपरची सोडली, आणि त्याला तसंच आपल्या उघड्या छातीवर ठेवलं. काळूनं झटकन तोंड पुढे फिरवलं. पोर अंगाला लागल्यावर ती दचकली, मी बघितलं, इतका तो गार होता. पण तिनं त्याला अजून जवळ घेतलं, वरून बटणं लावली, शाल ओढली, त्याचं डोकं हनुवटीखाली घेतलं. माझ्या घरातलं कोणी शिवायला तयार नाही असं ते पोर, आणि ही कुठल्या मुलखातली बाई. तिचे ओठ हलत होते. मग ती शेजारी बसलेल्या रूथला काहीतरी म्हणाली. रूथनं मला सांगितलं, "म्हणतायत, गार पडलेल्या बाळाला कितीही गुंडाळलं तरी ते गारच राहतं. त्याला माणसाचं अंग लागतं." मग म्हणाली, "यांची पहिली मुलगी गुंडाळलेलीच गेली."

मी तिच्याकडे बघितलं. ती रडत नव्हती. खाली मान घालून त्याची टाळू फुंकत होती.

खोडाळा मागे पडलं, तरी पोर गपच. मोखाडा दिसायला लागलं तेव्हा शाल हलली. तो तोंड फिरवून तिच्या सुकलेल्या छातीवर काहीतरी शोधत होता. ती हसली, पुढचे दोन दात नव्हते तिला, आणि शालीत तोंड घालून त्याला विचारलं, "जेवली?"

मला तिथे रडू फुटलं.

मोखाड्यातून आम्हाला जव्हारला नेलं. दवाखान्यातल्या सिस्टरनं मला पण तसंच करायला शिकवलं, माझ्या छातीशी, दिवसरात्र. ती मंडळी परत निघाली त्या दिवशी म्हातारी भेटायला आली. तिचं नेहमीचं विचारलं. मी म्हटलं, "जेवले, आई." तिला काय समजलं देव जाणे. मी पाया पडायला वाकले तर तिनं मला धरून उठवलं आणि पदर बाजूला करून बघितलं, पोर आत आहे ना. काळू दारात उभा होता. मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. त्यानं फडक्यात बांधलेल्या भाकरी पुढे केल्या, वर ठेचा, आणि तोंड दुसरीकडे करून उभा राहिला.

घरी आल्यावर पाड्यात बोलणं झालंच. तिनं काय पुटपुटलं, पोरावर काय टाकलं. भगतानं येऊन उतरवलं, मी नाही म्हटलं नाही. आणि एका संध्याकाळी मी पाण्याला निघाले तर सासू म्हणाली, "दे इकडं त्याला," आणि आपल्या चोळीची गाठ सोडली.

आता तो चालतो, पडतो, कोंबड्यांमागे धावतो. बायका अजून म्हणतात, तुला कसं कळलं गो की ती बाई खरी. मला काही कळलं नव्हतं. तिची मुलगी, माणसाचं अंग, ते सगळं मला मागून समजलं. तेव्हा फक्त वारा होता, निळं पोर होतं, दीर ओरडत होता आणि एक परकी बाई माझ्या लेकराचं शेवटचं फडकं काढत होती. हात पुढे केलेला असताना मला एवढंच दिसलं, की तिचे हातसुद्धा माझ्यासारखेच थरथरत होते. मी माझा हात मागे घेतला.

तुम्ही काय केलं असतं?